ऐनाच्या झाडावरील रेशीम

पेण व रोहा तालुक्यांतील शेतकऱ्यास ऐनाचे झाड नव्याने ओळखून द्यावयास नको. वरकस जमिनीवरील ऐनाचा टहाळ थंडीत तोडावयाचा, वाळवावयाचा आणि भाताचे रोप टाकण्यापूर्वी राब म्हणून भाजावयाचा, हा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होय. याच झाडाच्या पानावर विदर्भात रेशीम तयार होते. परदेशी जाणारे प्रवासी जपान, थायलंड येथील हातरेशमाचे कारखाने हौसेने पाहून येतात. प्रस्तुत लेखकास तसे काम आपल्याच राज्यात, भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव येथे पाहावयास मिळाले.

तुतीचा रेशीमकिडा घरात पाळतात. टसरचा किडा मात्र उघड्या झाडावरच वाढतो. विदर्भात या रेशमास कोसा म्हणतात. पावसाळ्यात ऐन व अर्जुन यांच्या फांद्यांवर अळ्या सोडतात. त्या चार वेळा कात टाकतात आणि सुमारे महिना-सव्वा महिन्यात देठाने फांदीस लोंबणारा कठीण कोष करतात. मुंग्या, गांधीलमाश्या व पक्षी यांपासून अळ्यांची राखण करणे हेच खरे श्रम. तेथे ते प्रामुख्याने ढिवर समाजातील कुटुंबे करतात.

कोषाचे कवच इतके चिवट असते की नुसत्या उकळत्या पाण्याने धागा सुटत नाही. पाण्यात सोडा घालावा लागतो. नंतर चार-पाच कोषांची टोके एकत्र धरून, उघड्या मांडीवर तळहाताने पीळ देत धागा काढावयाचा, अशी जुनी रीत आहे. हे काम स्त्रियांकडे असते. सतत घासून मांडीची कातडी सोलवटते. शिवाय पीळ सारखा पडत नाही, त्यामुळे धाग्यास भाव कमी येतो. सर्वांत क्लेशाचे काम सर्वांत कमी मोलाचे ठरावे, हे पाहून मन खिन्न झाले. १९४९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाने या रीतीऐवजी ‘बुनियाद’ नावाचे लहान यंत्र पुरस्कारिले आहे. बसून चालविता येणारे हे यंत्र ज्या घरी पोचेल, तेथे मांडीची पीडा संपेल.

पुढे धागा कोष्टी विणकराच्या मागावर जातो. करवतीच्या दात्यांसारखी नक्षी काठावर असलेले करवतकाठी लुगडे ही या भागाची ख्याती. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्ती जशी अनेक हातांतून जाते, तसेच हेही काम आहे.

आता आपल्या भागाचा विचार. १८७० च्या दशकात मेजर कौसमेकर नामक अधिकाऱ्याने पुण्यास टसर किड्यांवर प्रयोग केले होते. परंतु त्यांतून येथे धंदा उभा राहिला नाही. अडचण पावसाची आहे. भंडाऱ्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आपल्याकडे पडतो. आषाढ-श्रावणाच्या झडीत कोवळ्या अळ्या फांदीवर टिकणे कठीण. म्हणून विदर्भातील पहिल्या पिकाचे अनुकरण करू नये, असे आमचे मत आहे. भाद्रपदाअखेर सुरू होणारे व दिवाळीच्या मागेपुढे उतरणारे दुसरे पीक तेवढे विचारात घेण्याजोगे वाटते. टहाळ त्यानंतर थंडीत तुटतो. सबब राब व रेशीम यांत विरोध येण्याचे कारण नाही.

तथापि पहिल्याच वर्षी संपूर्ण वरकस गुंतवू नये. दहा-पंधरा झाडे पुरेत. रानात सापडलेल्या कोषांतील पतंगांची अंडी मुळीच वापरू नयेत; पेब्रिन रोग मादीकडून अंड्यांत उतरतो व एकाच पिढीत सारे पीक बुडवितो. मादीची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून रोगमुक्त अंडी निवडण्याची पद्धत लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात घालून दिली, आणि तीच आजही चालते. अशा तपासलेल्या अंडीपुंजांसाठी नागपूर येथील रेशीम संचालनालयाकडे पावसाळ्यापूर्वीच विचारणा करावी. वनखात्याच्या जमिनीवरील ऐनावर परवानगीवाचून अळ्या सोडू नयेत.