टाका यंत्राचा, रेषा हाताची

यंत्रावर शिवलेली गोधडी ही खरी गोधडी नव्हे, असे मत आपल्या घरोघरी ऐकू येते. ज्या टाक्याला हात लागला नाही, त्यात माया कोठून येणार, असा त्यामागील भाव. अमेरिकेतील रजई शिवणाऱ्या स्त्रियांतही हा समज दीर्घकाळ प्रबळ होता. १९८९ साली केंटकी राज्यातील पॅड्यूका येथील प्रदर्शनात कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या यंत्रावर टाके घातलेल्या रजईस सर्वोच्च पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यावर बराच वाद माजला.

परंतु मुक्त शिवणीची रीत समजून घेतली, म्हणजे त्यात हाताचा वाटा केवढा आहे, हे ध्यानी येते. नेहमीच्या शिवणीत सुईखालचे दाते कापड पुढे सरकवितात व टाक्याची लांबी यंत्र ठरविते. मुक्त शिवणीत हे दाते खाली उतरवितात किंवा पट्टीने झाकतात. मग कापड फिरविणे सर्वस्वी आपल्या हातांकडे येते. पायाचा वेग व हाताची गती यांच्या मेळातून टाका जन्मतो. हात घाईने फिरला तर टाके लांबतात, सुईही मोडते. रेंगाळला तर एकाच जागी टाक्यांची गर्दी होते. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून यास पायाचे यंत्र उत्तम. हाताने फिरविण्याचे कामाचे नाही.

सुईबरोबर वर उचलला जाणारा रफूचा फूट लावावा. त्याचा दांडा खाली करण्यास विसरू नये. नाहीतर वरच्या दोऱ्यास ताण न मिळून खाली गुंता होतो. प्रारंभी बॉबिनचा दोरा वर ओढून घ्यावा आणि जागच्या जागी चार बारीक टाके घालून तो पक्का करावा.

भगिनींनो, पहिला प्रयोग गोधडीवर करू नका. दोन जुन्या सुती तुकड्यांत कापसाचा पातळ थर घालून कच्च्या टाक्यांनी जखडा. नक्षी आधी पेन्सिलीने कागदावर गिरवा. मग एकमेकींस न छेदणाऱ्या नागमोडी रेषा शिवून पाहा. रोज थोडा वेळ दिला, तर हात व पाय एकमेकांस ओळखू लागतात.

एक मात्र सांभाळा. आजीच्या हातची जीर्ण गोधडी यंत्राखाली घालू नका. तिचा वाकडातिकडा धावदोरा हे तिचे हस्ताक्षर आहे. ते पुसले की पुन्हा मिळत नाही. तुमचे हस्ताक्षर नव्या गोधडीवर उमटू द्या.