चहा, बिस्किटं आणि वर्ल्ड पीस

रोटरी किंवा लायन्स म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चौकातलं ते दातेरी चाक, बसस्टॉपच्या शेडवर रंगवलेलं क्लबचं नाव, रक्तदान शिबिर, मोतीबिंदूची ऑपरेशन्स आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात शाल-श्रीफळ घेऊन उभे असलेले सात-आठ काका. बरोबर ना? आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या लेखी हा विषय 'बाबांच्या मित्रांचा क्लब' या खात्यात कायमचा जमा झालेला असतो.

आता गंमत बघा. याच क्लब्जच्या उद्दिष्टांमध्ये अगदी ठळकपणे लिहिलंय की, देशादेशांत सद्भावना वाढवायची आणि जगात शांतता आणायची. वाचून हसू येतं. आठवड्यातून एकदा जमून चहा-बिस्किटं खाणारी माणसं वर्ल्ड पीस आणणार? ते तर मिस वर्ल्डच्या स्टेजवरचं उत्तर!

पण थोडं खोदून पाहिलं, की या चहा-बिस्किटांमागे सव्वाशे वर्षांची एक भन्नाट गोष्ट सापडते. तिच्यात हिरोगिरी आहे, सपशेल पडणं आहे, आणि पुन्हा उठणंही आहे.

मोठ्या शहरात एकटा पडलेला वकील

सुरुवात अगदी तुमच्या-माझ्यासारखी आहे. छोट्या गावात वाढलेला पॉल हॅरिस नावाचा एक वकील शिकागोत येऊन प्रॅक्टिस करत होता. कामधंदा ठीक, पण शहर मोठं आणि मित्र नाहीत. (पुण्या-मुंबईत पेइंग गेस्ट म्हणून राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको.) २३ फेब्रुवारी १९०५ ला त्याने तिघांना गोळा केलं. एक कोळशाचा व्यापारी, एक खाणींचा इंजिनीअर आणि एक टेलर. मीटिंग आळीपाळीने प्रत्येकाच्या ऑफिसात घ्यायची, म्हणून नाव पडलं 'रोटरी'. थोडक्यात काय, तर ते नेटवर्किंग होतं. आपण आज करतो तेच, फक्त व्हिजिटिंग कार्ड आणि लिंक्डइनशिवाय.

फंडा साधा होता. एका धंद्यातला एकच माणूस घ्यायचा, म्हणजे आपापसात स्पर्धा नाही. राजकारण आणि धर्म दाराबाहेर. मग उरतं काय? गप्पा, आणि गावासाठी काहीतरी करू या ही खाज. १९१७ मध्ये शिकागोतच मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने लायन्स सुरू झालं. आज दोन्ही संस्थांचे मिळून पंचवीस लाखांच्या आसपास सदस्य आहेत.

'जगाची शांतता' हे प्रकरण पहिल्या महायुद्धानंतर आलं. १९२१ मध्ये एडिनबरोच्या अधिवेशनात रोटरीने ते अधिकृतपणे आपल्या उद्दिष्टांत घातलं. त्यानंतरचं पहिलं देखणं काम म्हणजे एक बाग! कॅनडातल्या अल्बर्टा आणि अमेरिकेतल्या मोंटाना इथल्या रोटरी क्लब्जनी १९३१ मध्ये एकत्र बसून ठरवलं, की आपल्या सीमेवरची दोन नॅशनल पार्क्स जोडून टाकू. दोन्ही सरकारांच्या मागे लागून त्यांनी १९३२ मध्ये ते करूनही घेतलं. वॉटरटन-ग्लेशियर हे जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय शांतता उद्यान. १९९५ पासून ते जागतिक वारसा यादीतही आहे.

आणि मग दांडी गुल

इथपर्यंत सगळं गोड गोड. पण सद्भावनेची खरी परीक्षा बागेत होत नाही.

१९३३. हिटलर सत्तेवर आला. म्युनिकच्या रोटरी क्लबमध्ये एक जगप्रसिद्ध सदस्य होता, नोबेल विजेता लेखक थॉमस मान. क्लबने काय करावं? त्याला आणि आपल्या ज्यू सदस्यांना यादीतून काढून टाकलं. उद्देश हा, की नव्या राजवटीशी वाकडं नको, क्लब टिकला पाहिजे. क्लब टिकला का? नाही. १९३७ मध्ये जर्मनीतले सगळे रोटरी क्लब बंद झाले. काही वर्षांतच इटली आणि जपानमध्येही तेच झालं.

ही गोष्ट क्लबांच्या चकचकीत ब्रोशरमध्ये पहिल्या पानावर सहसा नसते. पण ती असायला हवी. कारण 'आम्ही राजकारणात पडत नाही' हे वाक्य शेजाऱ्याशी चहा प्यायला छान आहे. पण त्याच शेजाऱ्याला कोणी घराबाहेर काढायला आलं, तर ते वाक्य त्याच्या उपयोगाचं नाही. मैत्री म्हणजे फक्त गोड बोलणं नाही. वेळेला आपल्या माणसाच्या बाजूने उभं राहणं हाही तिचाच भाग, आणि तोच महाग पडतो.

युद्ध संपताना मात्र चित्र बदललं. १९४५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांची सनद लिहिली जात होती, तेव्हा वेगवेगळ्या देशांच्या शिष्टमंडळांत आणि सल्लागारांत मिळून ४९ रोटेरियन होते. १९५० मध्ये फ्रेंच आणि जर्मन क्लब्जनी स्ट्रासबुर्गमध्ये एक संयुक्त समिती काढली. जरा विचार करा, पाच वर्षांपूर्वी जे एकमेकांवर बॉम्ब टाकत होते, ते एका टेबलाशी बसले. आज अशा दोन देशांच्या जोडसमित्या जगभर आहेत.

दोन थेंबांची डिप्लोमसी

आता आपल्याकडे या. भारतातला पहिला रोटरी क्लब कलकत्त्याचा, १९२० च्या सुमाराचा. मुंबईचा क्लब १९२९ चा. पण सर्वसामान्य माणसाच्या घरापर्यंत हे लोक पोचले ते पोलिओमुळे.

रविवारची सकाळ, गल्लीच्या तोंडाशी टेबल टाकून बसलेले स्वयंसेवक, निळा आइसबॉक्स, डोस पाजल्यावर करंगळीला लावलेली शाई आणि टीव्हीवर दम देणारे अमिताभ बच्चन. आठवतंय? १९८५ मध्ये रोटरीने ठरवलं की जगातून पोलिओ हद्दपार करायचा. १२ कोटी डॉलर जमवायचे ठरले होते. १९८८ पर्यंत जमले २४ कोटी ७० लाख! त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि इतर संस्थांबरोबर जागतिक मोहीम सुरू झाली. त्या वेळी जगात रोज सुमारे हजार मुलं पोलिओने लुळी होत होती.

यात 'शांतता' कुठे आली? थांबा, तोच तर मुद्दा आहे.

१९८५ मध्ये एल साल्वाडोरमध्ये यादवी युद्ध चालू होतं. युनिसेफ आणि चर्च यांनी दोन्ही बाजूंना पटवलं, की मुलांना लस टोचायची आहे, जरा बंदुका खाली ठेवा. आणि खरंच ठेवल्या! पुढे पोलिओच्या मोहिमेत हीच आयडिया वापरली गेली. श्रीलंकेत, सुदानमध्ये, अफगाणिस्तानात 'शांततेचे दिवस' पाळले गेले. ज्यांचं कशावरच एकमत नाही, त्यांचं निदान मुलांच्या पायांवर तरी होऊ शकतं.

भारतात लढाई बंदुकांशी नव्हती, अविश्वासाशी होती. उत्तर प्रदेशातल्या काही वस्त्यांमध्ये अफवा होती, की या थेंबांनी मुलं नपुंसक होतात. मग रोटरीने काय केलं? भाषणं ठोकली नाहीत. स्थानिक मौलवींना बरोबर घेतलं, त्यांची समिती केली. त्यांनीच लोकांना समजावलं. ब्रिटन, अमेरिका, जपानमधले क्लब सदस्य स्वतःच्या खिशातून तिकीट काढून येत आणि आपल्या गल्लीबोळांत स्वयंसेवकांबरोबर फिरत. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० मध्ये ४२. २०११ मध्ये फक्त एक, पश्चिम बंगालमध्ये, १३ जानेवारीला. त्यानंतर शून्य. २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला.

विश्वास मोडायला एक दिवस पुरतो

याच गोष्टीची दुसरी बाजू सीमेपलीकडे आहे. २०११ मध्ये ओसामा बिन लादेनचा माग काढण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने अबोटाबादमध्ये लसीकरणाचं नाटक केलं. लस हेपेटायटिस बीची होती, पोलिओचा काही संबंध नव्हता. पण बातमी फुटल्यावर कोण फरक करतंय? २०१२ मध्ये वझिरिस्तानात पोलिओच्या डोसवर बंदी आली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कराची आणि पेशावरकडच्या भागात पोलिओचे डोस देणाऱ्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यात तरुण मुलीही होत्या. २०१४ मध्ये पाकिस्तानात ३०६ रुग्ण सापडले. अमेरिकेने लसीकरणाचा असा वापर पुन्हा करणार नाही असं त्याच वर्षी सांगितलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. २०२१ मध्ये पाकिस्तानातले रुग्ण एकवर आले होते. २०२४ मध्ये ते पुन्हा सत्तरच्या पुढे गेले.

सद्भावना म्हणजे काय, हे यापेक्षा स्पष्ट कोण सांगणार? ती बँकेतल्या ठेवीसारखी असते. हजारो माणसं वर्षानुवर्षं दहा-दहा रुपये भरतात आणि कोणीतरी तिसराच येऊन एका दिवसात सगळी रक्कम उचलतो. तरीही पाकिस्तानातले स्वयंसेवक दुसऱ्या दिवशी पुन्हा आइसबॉक्स घेऊन बाहेर पडतात. हॅट्स ऑफ!

परक्या घरचं जेवण

शांततेचा दुसरा रस्ता स्वयंपाकघरातून जातो. रोटरीच्या यूथ एक्स्चेंजमध्ये साधारण १५ ते १९ वयाची मुलं वर्षभरासाठी परदेशात जातात. हॉटेल नाही, हॉस्टेल नाही. अनोळखी कुटुंबात राहायचं, तिथल्याच शाळेत जायचं. समजा, ब्राझीलची एखादी मुलगी कोल्हापूरच्या एका घरी आली. पहिल्या आठवड्यात तिखटाने डोळ्यांत पाणी. तिसऱ्या महिन्यात ती आजीला 'आज्जी' म्हणते. वर्ष संपताना रडते कोण? दोघीही. यानंतर ब्राझील म्हणजे फक्त फुटबॉल असं त्या घरात कोणी म्हणणार नाही, आणि भारत म्हणजे साप-हत्ती असं तिच्या घरात कोणी म्हणणार नाही.

आपल्या वयाच्या नोकरदारांसाठीही १९६५ पासून 'ग्रुप स्टडी एक्स्चेंज' होतं. चार ते सहा आठवडे दुसऱ्या देशात राहून आपल्याच व्यवसायातली माणसं कशी काम करतात ते बघायचं. २०१३ मध्ये ती योजना बंद झाली आणि तिची जागा व्यवसाय प्रशिक्षणाच्या टीम्सनी घेतली.

आणि ज्यांना शांतता हेच करिअर करायचंय त्यांच्यासाठी २००२ पासून रोटरीची पीस फेलोशिप आहे. टोकियो, ब्रिस्बेन, उप्साला, ब्रॅडफर्ड, कंपाला अशा ठिकाणच्या विद्यापीठांत संघर्ष आणि शांतता या विषयाचं शिक्षण, खर्च फाउंडेशनचा. त्यासाठी रोटरीत असायलाच हवं अशी अट नाही. आपल्यासाठी खास बातमी म्हणजे या केंद्रांच्या यादीत आता पुण्याच्या सिम्बायोसिसचीही निवड झाली आहे.

मग सगळं छानच?

छे हो! या क्लब्जमध्ये खोट काढायला भरपूर जागा आहे. १९८९ पर्यंत रोटरीत बायकांना प्रवेश नव्हता. कॅलिफोर्नियातल्या दुआर्ते या छोट्या गावातल्या क्लबने १९७७ मध्ये महिलांना सदस्य केलं, तर त्या क्लबलाच बाहेर काढलं! प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९८७ मध्ये महिलांच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा कुठे नियम बदलला. जगाला सलोखा शिकवणाऱ्यांना घरातला अर्धा समाज दिसायला ८४ वर्षं लागली.

आजही काही क्लबांत कामापेक्षा बॅनर मोठा असतो. पंखा एक, फोटोत माणसं वीस. पदग्रहण समारंभाचा खर्च बघून वाटतं, यात एक शाळा रंगवून झाली असती. हे सगळं खरं आहे. पण म्हणून पोलिओचे थेंब खोटे ठरत नाहीत.

शांतता परिषदांमध्ये करार होतात हे खरं, पण ते टिकवायला दोन्हीकडे एकमेकांना ओळखणारी माणसं लागतात. ती ओळख घडवणं हे या क्लबांचं काम. ते कंटाळवाणं आहे, हळू आहे आणि त्याला ब्रेकिंग न्यूज मिळत नाही.

जॉइन व्हायचंय? आधी हे बघा

• १८ पूर्ण असाल तर रोटरॅक्ट आहे. १९६८ मध्ये सुरू झालं. पूर्वी तिशीत बाहेर पडावं लागायचं, २०२० पासून वरची वयोमर्यादा काढून टाकली आहे. लायन्सची तरुणांची शाखा म्हणजे लिओ.

• आधी दोन-तीन मीटिंगना पाहुणे म्हणून जा. फी क्लबनुसार बदलते, ती स्पष्ट विचारा. लाजू नका.

• एकच प्रश्न विचारा : 'गेल्या वर्षी सुरू केलेलं कोणतं काम आज चालू आहे?' उत्तरात फोटोंचा अल्बम आला तर चहा पिऊन परत या. कामाचा पत्ता मिळाला तर थांबा.

• परदेशी क्लबबरोबर जोडप्रकल्प आहे का ते बघा. रात्री साडेदहाला दुसऱ्या टाइम झोनमधल्या कोणाशी तरी पाण्याच्या टाकीच्या खर्चावरून वाद घालणं, हे आंतरराष्ट्रीय मैत्रीचं सर्वांत उत्तम ट्रेनिंग आहे.

• वेळ नाही? घरात एक खोली मोकळी असेल तर एक्स्चेंजवर आलेल्या मुलाला काही महिने सांभाळता येतं. आईला आधी विचारा. स्वयंपाकात तिखट कमी करायला ती तयार झाली, की तुमच्या घरापुरतं तरी परराष्ट्र धोरण सुरू झालं म्हणायचं!