शोभेचे दारूकाम : रूप आणि रंग

दिवाळीच्या रात्री गोदेच्या काठावरून आकाशाकडे पाहिले, की प्रथम रंगांचा नुसता गोंधळ दिसतो. परंतु या गोंधळातही जाती आहेत, आणि त्या ओळखता आल्या म्हणजे पाहण्याची गोडी दुणावते.

हा शौक आपल्याकडे जुना आहे. एकनाथांनी सोळाव्या शतकात 'रुक्मिणीस्वयंवरा'त लग्नातील दारूकाम वर्णिले. महादजी शिंद्यांनी कोट्याच्या दिवाळीतील दारूच्या लंकेची हकीकत सवाई माधवरावांना सांगितली आणि मग पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी तसे दारूकाम झाले, असे बखर सांगते. भांडारकर संस्थेच्या प. कृ. गोडे यांनी १९५३ साली या इतिहासावर स्वतंत्र प्रबंधच लिहिला.

मात्र पेशव्यांची लंका आजच्यासारखी रंगीत नव्हती. सोरा, गंधक आणि कोळसा यांतून सोनेरी, तांबूस ठिणग्याच निघतात. त्यात लोखंडाचा कीस घातला, की ठिणगी हवेत फुटून तिला फांद्या येतात. भुईनळ्याचे झाड होते ते यामुळेच. गडद रंग आले ते एकोणिसाव्या शतकात, पोटॅशियम क्लोरेट वापरात आल्यावर. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, सोडियमचा पिवळा आणि तांब्याचा निळा. यांत निळा सर्वांत अवघड. आच थोडी वाढली तरी रंग देणारे संयुग मोडते. कारागिराची परीक्षा निळ्यावरच करावी.

आता आकाशातील रूपे पाहू. गोळा नळीतून वर उडतो, आतली वात जळत राहते, आणि तो माथ्यावर पोचतो तेव्हा पोटातली दारू पेटून भोवती रचलेल्या रंगीत गोळ्या चहूकडे फेकते. या गोळ्यांनी मागे शेपूट ठेवले नाही, तर ठिपक्यांचा गेंद दिसतो; ठेवले, तर शेवंती उमलते. कोळसा अधिक असून गोळ्या सावकाश जळल्या, तर सोनेरी धागे वडाच्या पारंब्यांसारखे खाली लोंबतात. मोजक्याच पण जाड शेपटाच्या गोळ्या असल्या, तर माड उभा राहतो. गेंद कोठूनही गोलच दिसतो, कारण तो चेंडूसारखा भरीव असतो. कडे मात्र बाजूने पाहिल्यास नुसती रेघ होते.

फूल उमलल्यावर आवाज उशिरा येतो. तो तीन सेकंदांनी आला, तर दारूकाम सुमारे एक किलोमीटरवर चालले आहे असे समजावे.

या शोभेला किंमतही आहे. बेरियमचे क्षार आरोग्यास घातक, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली फटाक्यांत त्यांच्या वापरास मनाई केली. तेव्हा झगझगीत हिरवा रंग दिसला, की तो कशाचा, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. आणखी एक. विझल्यासारखा वाटणाऱ्या भुईनळ्यावर कधीही वाकू नये. त्याची वात आत धुमसत असू शकते, आणि तो त्याच क्षणी तोंडावर उडतो. दूर राहावे, मुलांनाही दूर ठेवावे आणि त्यावर पाणी ओतावे. एक झाड वाया गेले तर दुसरे मिळेल. डोळा गेला तर मिळणार नाही.