एका कथेची वहिवाट

एकाच नायकाची जन्मकथा पडद्यावर पुनःपुन्हा का सांगितली जाते, असे आम्हांला विचारले जाते. कल्पनेचे दारिद्र्य, हे उत्तर सहज सुचते. परंतु पुष्कळदा खरे उत्तर करारपत्रात असते.

‘स्पायडर-मॅन’ १९६२ साली मार्व्हलच्या चित्रकथेत जन्मला. १९९६ साली त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे या नायकाचे चित्रपटहक्क सोनीने मिळविले. हे हक्क म्हणजे कायमचे खरेदीखत नव्हे, अटींचा पट्टा होय. ठराविक मुदतीत नवा चित्रपट न काढल्यास ते मूळ मालकाकडे परत जावयाचे. वहिवाट राखावयाची तर जमीन पडीक ठेवून चालत नाही, तसेच हे.

सॅम रायमी यांचे तीन चित्रपट २००२, २००४ व २००७ साली आले. चौथा जुळेना, जानेवारी २०१० मध्ये तो बेत सोडण्यात आला. पण स्वस्थ बसण्याची सोय नव्हती. म्हणून २०१२ साली नवा नट, नवा दिग्दर्शक आणि कथा पुन्हा मुळापासून! २०१५ साली सोनी व मार्व्हल यांचा समझोता झाला आणि पुढच्याच वर्षी तिसरा नट त्या वेषात अवतरला.

‘फॅन्टास्टिक फोर’चा दाखला याहून बोलका. हक्काची मुदत संपत आली म्हणून थोडक्या खर्चात, घाईने केलेला तो पहिला चित्रपट १९९४ साली यावयाचा होता. तो चित्रगृहांत कधी लागलाच नाही. नटांचे श्रम वाया गेले, वहिवाट मात्र राहिली.

तेव्हा ओळखीची कथा पुन्हा समोर आली, की लेखकाला बोल लावण्यापूर्वी पट्ट्याची मुदत विचारावी, एवढेच आमचे सांगणे.