चिचपल्लीची जळालेली इमारत आणि आमचा हिशेब

उधारीच्या वसुलीसाठी आम्हाला चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोलीला नेहमी जावे लागते. वाटेत चिचपल्ली लागते. येथे शासनाचे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. त्याची बांबूचीच भव्य इमारत बांधली जात होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये ती आगीत भस्मसात झाली.

आगीनंतर थोड्याच दिवसांनी आम्ही तिकडे गाडी वळवली. राख आणि काळे पडलेले बांबू पाहून सोबतचे व्यापारी मित्र म्हणाले, "शेठ, बांबूवर पैसा लावला की असे होते. सिमेंटच बरे!" सिमेंट कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्यात हे बोलणे चटकन पटते.

आम्हाला मात्र आमच्याच दुकानातली गोष्ट आठवली. कापडाचे तागे ठेवायला आम्ही स्वस्तात बांबूची मांडणी करून घेतली होती. पावसाळा संपताच ती पोखरली गेली आणि पिवळी भुकटी साड्यांवर पडू लागली. नुकसान सोसले आणि दोष कारागिराला दिला.

खरे कारण वेगळे होते. कच्च्या बांबूत स्टार्च असतो, त्यावर भुंगे जगतात. बोरॅक्स व बोरिक अॅसिडच्या पाण्यात बांबू मुरवून वाळवला, तर तो पुष्कळ टिकतो. उघड्यावर पावसाने हे औषध धुऊन जाते, म्हणून असा माल छपराखालीच वापरावा. ही तालीम कारागिराला मिळावी यासाठीच संशोधन केंद्र लागते. इमारत जळाली म्हणून ती गरज संपली नाही.

माल मिळण्याची अडचणही आता पूर्वीइतकी नाही. एप्रिल २०११ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबू वाहतुकीचे परवाने देण्याचा हक्क मिळाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये वनाबाहेरील बांबू कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला.

तेव्हा व्यापारी बांधवांना आमची विनंती आहे. बुरूड कारागिराकडून मांडणी, टोपल्या किंवा खुर्च्या घेताना आधी भाव पाडू नका. माल औषधात मुरवलेला आहे का, ते विचारा. असल्यास चार पैसे जास्त द्या. आम्ही दुसरी मांडणी तशीच करून घेतली. पैसे जास्त पडले, पण साड्या वाचल्या.