गिरीश संत

गिरीश संत (१९६६ – २ फेब्रुवारी २०१२) हे महाराष्ट्रातील ऊर्जा-धोरणाचे अभ्यासक आणि ऊर्जा-कार्यक्षमतेचे आग्रही पुरस्कर्ते होते. पुण्यातील ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाचे ते संस्थापक-सदस्य आणि समन्वयक होते. वाचविलेली वीज ही निर्माण केलेल्या विजेइतकीच खरी, बहुतेक वेळा तिच्याहून स्वस्त आणि गरिबाच्या अधिक उपयोगाची असते, हा विचार त्यांनी आकडेवारीच्या आधारे मांडला. तो मांडण्यासाठी त्यांनी प्रामुख्याने वीज नियामक आयोगाची सुनावणी, नियोजन मंडळाची समिती आणि शोधनिबंध ही ठिकाणे निवडली. त्यांच्या सूचनांपैकी काही पुढे शासकीय योजनांमध्ये उतरल्या.

पार्श्वभूमी

संत यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत अभियांत्रिकीचे आणि पुढे ऊर्जा प्रणाली या विषयाचे शिक्षण घेतले. १९९४ मध्ये ‘प्रयास’ हा सार्वजनिक न्यास स्थापन झाला. आरोग्य आणि ऊर्जा ही वरवर परस्परांशी संबंध नसलेली क्षेत्रे एकाच संस्थेत आली, याचे कारण संस्थेच्या भूमिकेत होते. तज्ज्ञांचे ज्ञान ज्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही अशा लोकांच्या हितासाठी ते वापरायचे, अशी ही भूमिका होती. ऊर्जा गटात शंतनू दीक्षित हे संत यांचे निकटचे सहकारी होते आणि या गटाचे सुरुवातीचे बरेचसे लेखन या दोघांच्या नावावर आहे.

ज्या विचारपरंपरेत हे काम बसते तिचे दोन धागे आहेत. अमेरिकेतील अमोरी लोव्हिन्स यांनी १९७६ पासून असे मांडले की, माणसाला वीज किंवा तेल नको असते. त्याला उजेड, शिजलेले अन्न, शेतातले पाणी हवे असते. तेव्हा प्रश्न ‘वीज किती लागेल’ असा न विचारता ‘ही कामे कमीत कमी ऊर्जेत कशी होतील’ असा विचारला पाहिजे. न वापरलेल्या विजेसाठी ‘नेगावॅट’ हा शब्द त्यांनीच रूढ केला. दुसरा धागा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी यांचा. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास कर्नाटकासाठी विजेची पर्यायी योजना आखली. प्रत्येक घरी वीज पोहोचविण्याचे उद्दिष्ट धरूनही, कार्यक्षम साधने वापरल्यास सरकारी अंदाजापेक्षा पुष्कळ कमी वीजनिर्मिती पुरेल, हे त्यांनी दाखवून दिले. लोव्हिन्स यांची मांडणी श्रीमंत देशाच्या उधळपट्टीसंबंधी होती, रेड्डी यांची अंधारात असलेल्या घरांसंबंधी. संत यांचे काम या दुसऱ्या वाटेने पुढे गेले.

दाभोळ प्रकल्पाचे विश्लेषण

‘प्रयास’चा ऊर्जा गट महाराष्ट्राला परिचित झाला तो एन्रॉन प्रकरणामुळे. रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात उभारायच्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी १९९२ मध्ये सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने वीजखरेदी करारावर स्वाक्षरी केली. त्या काळातील सार्वजनिक वादात परकीय भांडवल, भ्रष्टाचाराचे आरोप आणि स्थानिकांचे विस्थापन हे मुद्दे अग्रभागी होते. संत आणि दीक्षित यांनी १९९५ मध्ये केलेल्या विश्लेषणात कराराची आर्थिक आणि तांत्रिक कलमेच तपासली. वीज घेतली नाही तरी मोठी रक्कम देणे मंडळावर बंधनकारक होते. देण्यांचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला होता. शिवाय मंडळाची खरी अडचण संध्याकाळच्या कमाल मागणीची असताना हा प्रकल्प रात्रंदिवस वीज विकण्याच्या हिशेबाने आखलेला होता. अशा स्थितीत महाग वीज घेण्यासाठी मंडळाला कोळशावर चालणारी स्वतःची स्वस्त केंद्रे मंद ठेवावी लागणार होती.

ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य शासनाने प्रकल्प रद्द केला आणि काही महिन्यांतच फेरवाटाघाटी करून तो वाढीव स्वरूपात मान्यही केला. मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. मे २००१ मध्ये ही वीज परवडत नसल्याने मंडळाने खरेदी थांबविली. त्याआधीच शासनाने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने करारातील गंभीर दोष नोंदविले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस एन्रॉन दिवाळखोरीत गेली. अभ्यासकाचा इशारा खरा ठरला, एवढ्यापुरती ही घटना महत्त्वाची नाही. या काळात मंडळाच्या ताळेबंदावर पडलेला भार शेवटी वीजग्राहकांवर आणि करदात्यांवर आला.

कृषिपंप आणि वीजगळती

संत यांच्या कामातील हा बहुधा सर्वांत दूरगामी भाग असून दाभोळच्या मानाने तो कमी ज्ञात आहे.

महाराष्ट्रातील बहुसंख्य कृषिपंपांना त्या काळी मीटर नव्हते. आकारणी पंपाच्या अश्वशक्तीवर ठरलेल्या दराने होई. त्यामुळे शेतीने प्रत्यक्ष किती वीज वापरली हे मोजण्याचा मार्गच नव्हता. एकूण विजेतून मोजलेली विक्री आणि गळतीचा अंदाज वजा केला की जे उरेल ते शेतीच्या नावावर टाकण्याची रीत पडली होती. या पद्धतीत चोरी, नादुरुस्त मीटर आणि जुन्या वाहिन्यांतील तूट हे सारे शेतकऱ्याच्या खाती जमा होऊ शकते. शेतकरी फुकट वीज उधळतो आणि म्हणून मंडळ तोट्यात आहे, हा समज शहरी मध्यमवर्गात पक्का होण्यामागे हेही एक कारण होते.

संत आणि दीक्षित यांनी १९९६ मध्ये या विषयावर दोन निबंध प्रसिद्ध केले. एक ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये आला. त्यात कृषिपंपांच्या अनुदानाचे खरे लाभार्थी कोण आणि दरवाढ झाल्यास तिचा भार कोणावर पडेल याची छाननी होती. अश्वशक्तीवर आधारित दरात ज्याचा पंप मोठा आणि अधिक तास चालणारा, त्याला अनुदान अधिक मिळते. ज्याच्याकडे विहीरच नाही त्याला काहीच मिळत नाही. ‘शेतकरी’ हा एकसंध गट धरून चालत नाही, हे यातून पुढे येते.

दुसरा निबंध पंपांच्या कार्यक्षमतेसंबंधी, विशेषतः मानकांच्या भूमिकेसंबंधी होता. पंपसंचात वीज वाया जाण्याची कारणे साधी असतात. विहिरीत बुडालेल्या पाइपाच्या टोकाशी पाणी परत जाऊ नये म्हणून फूट-व्हॉल्व्ह असतो (खेडोपाडी याचे नाव ‘फुटबॉल’ असेच रुळले आहे). तो अरुंद तोंडाचा असला, पाइप लोखंडी आणि कमी व्यासाचा असला, त्यात अनावश्यक वळणे असली, तर पंपाची बरीच शक्ती पाणी उचलण्याऐवजी घर्षणावर मात करण्यात जाते. विजेचा दाब कमी असल्याने मोटार जळते. मग ती पुन्हा पुन्हा गुंडाळून घेतली जाते आणि दर वेळी तिची कार्यक्षमता थोडी घटते. पुढच्या वेळी शेतकरी गरजेपेक्षा मोठी मोटार घेतो, त्यामुळे वाहिनीवरचा भार वाढतो आणि दाब आणखी उतरतो. वीज कितीही वापरली तरी बिल तेवढेच, म्हणून चांगल्या पंपासाठी जादा पैसे घालण्याचे त्याला प्रयोजन उरत नाही. अर्थात उपाय केवळ प्रबोधनाचा नाही. बाजारात येणारा पंपच किमान दर्जाचा असावा लागतो.

१९९९ मध्ये महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग अस्तित्वात आला आणि दरवाढीच्या प्रस्तावावर जाहीर सुनावणी होऊ लागली. ‘प्रयास’ने या सुनावणीत मंडळाच्या शेतीवापराच्या आकड्यांना आव्हान दिले. मंडळ अनेक वर्षे गळती १५ ते १८ टक्क्यांच्या आसपास दाखवीत आले होते. आयोगाच्या २००० सालच्या पहिल्या दरनिश्चितीत ती ३० टक्क्यांहून अधिक असल्याचे मान्य झाले. शेतीवापराचा आकडा त्या प्रमाणात खाली आला. विजेची टंचाई असलेल्या राज्यात वीज नेमकी कोठे जाते याचे निदान यामुळे बदलले आणि चोरी व गळती रोखणे हा स्वतंत्र कार्यक्रम झाला. पुढे आयोगाने अधिकृत ग्राहक प्रतिनिधी म्हणून नेमलेल्या चार संस्थांमध्ये मुंबई ग्राहक पंचायत, ठाणे-बेलापूर आणि विदर्भातील उद्योजकांच्या संघटना यांच्याबरोबर ‘प्रयास’ही होती.

नाशिकमधील सीएफएल योजना

२००५ नंतर राज्यात भारनियमन तीव्र झाले. ग्रामीण भागात ते दिवसाचे अनेक तास असे. तूट सर्वाधिक जाणवे ती संध्याकाळी, घरोघरी दिवे लागण्याच्या वेळी. याच सुमारास, २००५-०६ मध्ये, महावितरणने नाशिक येथे प्रायोगिक तत्त्वावर ग्राहकांना सीएफएल दिवे देण्याची योजना राबविली. बंगळूरमध्ये त्याच्या थोडे आधी असा प्रयोग झाला होता. महाराष्ट्रात नाशिक हे या प्रकारच्या कार्यक्रमाचे पहिले मोठे क्षेत्र ठरले. ‘प्रयास’ने या योजनेचे मूल्यमापन केले.

योजनेमागील गणित सोपे आहे. ६० वॅटच्या पिवळ्या दिव्याइतका उजेड सुमारे १५ वॅटचा सीएफएल देतो, म्हणजे घरात ४५ वॅट वाचतात. परंतु वाहिन्यांत ३० टक्के वीज नाहीशी होत असेल, तर घरी ४५ वॅट पोहोचविण्यासाठी केंद्रात सुमारे ६४ वॅट निर्माण करावे लागतात. असे एक लाख दिवे संध्याकाळी एकाच वेळी बदललेले असले, तर साडेचार मेगावॅटची मागणी आणि जवळजवळ साडेसहा मेगावॅटची निर्मिती टळते. त्यासाठी भूसंपादन करावे लागत नाही, कोळसा लागत नाही आणि परवानगीची वाट पाहावी लागत नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राची धुराडी रोज पाहणाऱ्या नाशिककरांना हा हिशेब वेगळा समजावून सांगण्याची गरज नसावी.

अडचण किंमतीची होती. साधा दिवा दहा-पंधरा रुपयांत मिळे, सीएफएल त्याच्या कितीतरी पट महाग होता. बिलात होणारी बचत नंतर हळूहळू दिसते, पैसे मात्र आज द्यावे लागतात. ज्याच्या घरी दोनच दिवे आहेत त्याला ही गुंतवणूक जड जाते. बचतीचा मोठा लाभ वीज कंपनीला होत असेल, तर आरंभीचा खर्चही तिने उचलावा किंवा विभागून घ्यावा, हे तत्त्व अशा कार्यक्रमांतून रुजले. केंद्रीय ऊर्जा कार्यक्षमता विभागाने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘बचत लॅम्प योजने’त सीएफएल साध्या दिव्याच्या किमतीत, १५ रुपयांना, देण्याची कल्पना होती. २०१५ पासून ‘उजाला’ योजनेत एलईडी दिवे घाऊक खरेदीने घेतले गेले आणि २०१४ च्या आरंभी ३१० रुपये असलेला खरेदीदर दोन-तीन वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला.

पंखे आणि अतिकार्यक्षम उपकरणे

दिव्यांनंतर संत यांचे लक्ष छताच्या पंख्याकडे वळले. भारतीय घरातील विजेचा मोठा वाटा पंखा घेतो, पण शीतकपाट वा वातानुकूलन यंत्राप्रमाणे त्याच्या कार्यक्षमतेची चर्चा होत नसे. साधा पंखा सुमारे ७५ वॅट घेतो. तेवढाच वारा ३५ वॅटमध्ये देणारा पंखा तांत्रिकदृष्ट्या शक्य होता. तो बाजारात नव्हता, कारण महाग पंख्याला गिऱ्हाईक नव्हते आणि गिऱ्हाईक नसल्याने कारखानदार तो मोठ्या संख्येने बनवीत नव्हते. हे चक्र तोडण्यासाठी संत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचविलेला मार्ग असा: अनुदान लक्षावधी ग्राहकांना वाटण्याऐवजी थोड्या उत्पादकांना, प्रत्येक कार्यक्षम पंख्यामागे, ठरावीक काळापुरते द्यावे. देशातील पंखे बनविणारे मोठे कारखाने मोजकेच असल्याने देखरेख सोपी होते, आणि उत्पादन वाढले की किंमत आपोआप उतरते. या कल्पनेवर आधारित अतिकार्यक्षम उपकरण कार्यक्रम बाराव्या पंचवार्षिक योजनेत स्वीकारला गेला. मात्र त्याची अंमलबजावणी अपेक्षेप्रमाणे झाली नाही.

कार्यपद्धती

पर्यावरणाच्या प्रश्नावर बोलताना संत यांचा भर प्रकल्पांना विरोध करण्याइतकाच पर्यायाची किंमत काढून दाखविण्यावर असे. महाराष्ट्रासाठी त्यांनी व सहकाऱ्यांनी केलेल्या न्यूनतम-खर्च वीज नियोजनात नवीन केंद्रे, गळती-कपात आणि कार्यक्षम उपकरणे यांना एकाच फूटपट्टीने, प्रतियुनिट खर्चाने, मोजले होते. २०११ मध्ये ‘प्रयास’ने प्रसिद्ध केलेल्या अहवालात देशात मंजुरीच्या विविध टप्प्यांवर असलेल्या औष्णिक प्रकल्पांची बेरीज सुमारे ७ लाख मेगावॅट भरत असल्याचे दाखविले होते. देशाला नजीकच्या काळात लागणाऱ्या क्षमतेपेक्षा ती कितीतरी अधिक होती. या पद्धतीच्या मर्यादाही आहेत. सुनावणीची भाषा, तक्ते आणि कलमे यांत उतरणे सामान्य ग्राहकाला कठीण जाते आणि प्रश्न तज्ज्ञांच्या हाती राहण्याचा धोका असतो. तो ओळखून गटाने वीजक्षेत्राची ओळख करून देणारी नागरिकांसाठीची पुस्तिका २००४ मध्ये काढली.

नियोजन मंडळाने किरीट पारीख यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या कमी-कार्बन विकासाविषयीच्या तज्ज्ञगटाचे संत सदस्य होते. हवामानबदलाची जबाबदारी श्रीमंत देशांवर अधिक आहे, परंतु त्या युक्तिवादाआड देशातील श्रीमंतांचा वापर लपता कामा नये, अशी भूमिका ‘प्रयास’च्या या काळातील लेखनात आढळते.

निधन आणि त्यानंतर

२ फेब्रुवारी २०१२ रोजी दिल्ली येथे हृदयविकाराच्या झटक्याने संत यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची पन्नाशीही गाठली नव्हती.

कृषिपंपांच्या प्रश्नावर गटाचे काम पुढे चालू राहिले. गावाजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीच्या वाहिनीला दिवसा वीज देण्याच्या कल्पनेचा ‘प्रयास’ने पाठपुरावा केला आणि राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली. निफाड, सिन्नर, दिंडोरी या तालुक्यांत रात्रपाळीची वीज म्हणजे उसात किंवा द्राक्षबागेत अंधारात बारे देणे आणि बिबट्याची धास्ती, त्यामुळे दिवसा वीज ही तेथील जुनी मागणी आहे. पंख्यांच्या बाबतीत, मुंबईच्या आयआयटीतील माजी विद्यार्थ्यांनी २०१२ मध्ये स्थापन केलेल्या ॲटमबर्ग या कंपनीने २८ वॅटचा पंखा बाजारात आणला, आणि १ जानेवारी २०२३ पासून देशात छताच्या पंख्यांवर तारांकित ऊर्जा-चिन्ह बंधनकारक झाले.