पिस्टनची जबानी

तिसऱ्या टाकीला आवाज बदलला. तोवर आमची चेन-सॉ आंब्याच्या खोडात घोगऱ्या, भरल्या आवाजात चालत होती. आता तोच आवाज पातळ झाला, चढत गेला, आणि लिव्हर सोडल्यावरही लवकर खाली येईना. मामेभावाने करवत खोडातून बाहेर काढेपर्यंत इंजिन बंद पडलं. दोरी ओढून पाहिली तर दगडाला बांधल्यासारखी घट्ट. इंजिनाने धरलं होतं.

ही करवत आम्ही दोघांनी घरीच जुळवलेली. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यातल्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. नारळी-पोफळी पडल्या, पिढ्यान् पिढ्या उभे असलेले आंबे-फणस मुळासकट उपटले. त्या दिवसांत रस्ता मोकळा व्हायचा तो चेन-सॉ पोचल्यावरच. घरची एक असावी, असं मामाने तेव्हापासून मनात घेतलं होतं. नावाजलेल्या कंपनीचं मोठं यंत्र परवडेना, म्हणून त्याच मापाचे, पण दुसऱ्याच कुणी बनवलेले सुटे भाग मागवले. क्रँककेसपासून कार्बोरेटरपर्यंत सगळं एका खोक्यात. सिलिंडरचा व्यास 54 मिलिमीटर, पिस्टनची धाव 40, म्हणजे सुमारे 92 सीसीचं इंजिन. दोन रविवारांत जुळवलं आणि पहिल्या काही झटक्यांत सुरूही झालं.

ते बंद पडल्यावर माझा हात आधी पान्याकडे गेला. गावात पूर्वी लुना आणि बजाजच्या स्कूटर दुरुस्त करणारे एक मेस्त्री आहेत, त्यांनी तो थांबवला. “लगेच खोलू नका. खोललंत की पुरावा गेला.” मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पेट्रोल कधीचं? ऑइल किती टाकलंत? नुसतं चालू ठेवल्यावर एका लयीत चालायचं की मध्येच रेस व्हायचं? शेवटच्या प्रश्नाशी मी अडखळलो. पहिल्या दिवसापासून ते मध्येच रेस व्हायचं. आम्ही स्क्रू फिरवून तेवढ्यापुरतं गप्प करत होतो.

मेस्त्रींचा रोख कळायला टू-स्ट्रोक इंजिनाचा श्वास समजून घ्यावा लागतो. मोटारीच्या इंजिनात तळाला ऑइलचा साठा असतो. चेन-सॉ कशीही धरायची, आडवी, उलटी, त्यामुळे तिथे असा साठा ठेवता येत नाही. पेट्रोल, हवा आणि त्यात मिसळलेलं ऑइल हे सारं आधी पिस्टनच्या खालच्या बाजूला, क्रँककेसमध्ये येतं. पिस्टन वर जातो तशी खालची जागा वाढते, तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बगलेच्या वाटांनी वर, जळायच्या जागी चढतं. इंग्लंडातल्या बाथ शहरी जोसेफ डे याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रचना केली. म्हणजे क्रँककेस हा या इंजिनाचा भाता आहे. मिनिटाला 12,500 फेरे धरले तर हा भाता सेकंदाला 208 वेळा उघडतो आणि मिटतो. आमच्या पिस्टनचा सरासरी वेग तेव्हा ताशी 60 किलोमीटर भरतो, आणि त्याच्या घर्षणाला वंगण काय, तर लिटरमागे 40 मिलिलिटर ऑइल.

भात्याला भोक पडलं तर? पिस्टन वर जाताना त्या भोकातून हवा आत येते. ती कार्बोरेटरमधून आलेली नसते, म्हणजे तिच्यासोबत पेट्रोलही नसतं आणि ऑइलही नाही. मिश्रण विरळ होतं, इंजिन जास्त तापतं. जास्तीचं पेट्रोल बाष्पीभवनाने पिस्टनला जो गारवा देतं तो कमी होतो, वंगणाचा वाटाही घटतो. ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगू लागतो. 54 मिलिमीटरचा पिस्टन 100 अंशांनी जास्त तापला तर साधारण एक दशांश मिलिमीटरने वाढतो. सिलिंडरही वाढतो, पण त्याच्या पात्यांवरून वारा वाहत असल्याने कमी. दोघांमधली फट मात्र मिलिमीटरच्या काही शतांशांचीच. ती मिटते, आणि मऊ ॲल्युमिनियम सिलिंडरच्या कडक मुलाम्यावर लेपासारखं घासलं जातं. यालाच आपण इंजिन धरलं म्हणतो.

मेस्त्रींनी सायलेन्सर तेवढा उतरवला. टॉर्च मारून बाहेर जाणाऱ्या धुराच्या खिडकीतून पाहिलं, तर पिस्टनच्या अंगावर उभे, चंदेरी ओरखडे. मग कार्बोरेटर काढून दुसऱ्या बाजूने पाहिलं. तिथे पिस्टन स्वच्छ, कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक रेषाही शाबूत.

मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे वाचन. ऑइल मिसळायलाच विसरलो असतो तर ओरखडे दोन्ही बाजूंना, चहूकडे असते. फिल्टरमधून धूळ गेली असती तर हवा येण्याच्या बाजूची झिलई उडून पिस्टन निस्तेज दिसला असता. पिस्टनच्या पिनेची तारेची क्लिप सुटली असती, आणि खोक्यातल्या स्वस्त भागांत ती सुटणं नवलाचं नाही, तर पिनेच्या रेषेत एकच खोल चर पडला असता. स्फोट अवेळी होत असते तर पिस्टनच्या माथ्याची कड वाळवीने खाल्ल्यासारखी झाली असती. आमच्या पिस्टनवर फक्त धुराच्या बाजूला, म्हणजे सर्वांत तापणाऱ्या बाजूला ओरखडे होते. उष्णतेने, विरळ मिश्रणाने मेला, एवढं त्याने सांगितलं. मिश्रण विरळ का झालं, हे मात्र पिस्टन सांगू शकत नाही.

पहिला संशय पेट्रोलवर गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला जेमतेम 9, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. साध्या पेट्रोलवर बसवलेला कार्बोरेटर तसाच ठेवला तर मिश्रण आपोआप थोडं विरळ होतं. लहान टू-स्ट्रोक यंत्रांचे अनेक उत्पादक 10 टक्क्यांपुढचं इथेनॉल वापरू नका म्हणतात ते यासाठीही. टाकीची हवा येण्याची बारीक वाट तुंबली, पेट्रोलच्या नळीला चीर पडली, तरी हेच होतं. पण पहिल्या दिवसापासून नुसतं चालू ठेवलेलं इंजिन असं लहरीप्रमाणे रेस होणं वेगळ्याच कारणाकडे बोट दाखवत होतं. “एअर घेतंय,” मेस्त्री म्हणाले. कार्बोरेटरची पाकळी मिटलेली असते तेव्हा क्रँककेसमधली ओढ बारीकशा भोकावरच येऊन पडते, म्हणून गळती आधी तिथे दिसते. स्क्रू फिरवून जास्त पेट्रोल सोडलं की लक्षण दबतं. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

इंजिन गार झाल्यावर दोरी खरखरत का होईना फिरू लागली होती. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून धुराची आणि कार्बोरेटरची तोंडं बंद केली, प्लग घट्ट बसवला. कार्बोरेटरमधल्या पंपाला क्रँककेसचे धक्के पोचवणारं एक बारीक छिद्र असतं, तिथे काटा लावलेला हातपंप जोडला. अर्धा बार दाब भरला, मोटारीच्या चाकातल्या हवेच्या साधारण पाव हिस्सा. काटा हळूहळू उतरला. मग उलट, हवा ओढून निर्वात केला, तर काटा पाहता पाहता शून्यावर आला. दोन्ही चाचण्या लागतात त्या याचसाठी. ऑइल सीलची ओठासारखी कड आतल्या दाबाने शाफ्टला आणखी चिकटते, ओढीत मात्र सुटते. दाबाच्या परीक्षेत निभावलेलं सील निर्वातात उघडं पडतं.

मॅग्नेटचं चाक उतरवून सीलवर साबणाचं पाणी सोडलं आणि पुन्हा दाब भरला. एका जागी बुडबुड्यांची बारीक माळ उठली. सील काढून भिंगाखाली धरलं तर ओठावर नखाएवढाही नसलेला एक काप. क्रँकशाफ्टवर चाकाच्या चावीसाठी खाच असते, तिची कड धारदार असते. सील चढवताना त्या टोकाला पातळ टेप गुंडाळून ग्रीस लावायला हवं होतं. आम्ही कोरडंच ढकललं होतं.

खोक्यातले भाग वाईट होते, असं मी म्हणणार नाही. रिंगा अडकू नयेत म्हणून खिडक्यांच्या कडा थोड्या घासाव्या लागल्या, क्लिपा बदलाव्या लागल्या, पण दोष तिथे नव्हता. कारखाना जुळणीनंतर जी गळतीची परीक्षा घेतो, ती आम्ही घेतली नाही. शहाणपणाने नुसता नवा पिस्टन घातला असता, तर तोही तिसऱ्या-चौथ्या टाकीला असाच गेला असता.

सिलिंडरवरचा ॲल्युमिनियमचा लेप मेस्त्रींनी हायड्रोक्लोरिक ॲसिडने उतरवला. ते ॲल्युमिनियम खातं, पण खालच्या मुलाम्याला सहसा धक्का लावत नाही. तरी खिडकीच्या उघड्या कडांवर थेंब गेला तर सिलिंडरच खाऊन टाकतं, तेव्हा हे काम जाणत्या हातांनीच करावं. मुलामा वाचला होता. नवा पिस्टन, नवी रिंग आणि दोन्ही बाजूंची नवी सीलं बसवली.

पावसाळ्याआधी ज्यांच्या घरी अशी जुळवलेली करवत पहिल्यांदा सुरू व्हायची असेल, त्यांनी टाकीत पेट्रोल ओतण्याआधी दाबाची आणि निर्वाताची, दोन्ही परीक्षा घ्याव्यात, आणि मधूनमधून शाफ्ट हाताने फिरवत काट्यावर नजर ठेवावी. आमचा काटा दुसऱ्या खेपेला दहा मिनिटं जागचा हलला नाही. त्यानंतरच दोरी ओढली.